वाचकांचे प्रश्न : मैदानाच्या मधोमध

मागील अंकात फुटबॉलमधील मधल्या फळीविषयी आम्ही एक छोटे टिपण छापले होते. त्यावर अमळनेरपासून शहाद्यापर्यंत खान्देशातील अनेक गावांहून पत्रे आली. क्रिकेट आणि कबड्डीच्या या मुलखात मिडफिल्डरविषयी, म्हणजे मधल्या फळीतील खेळाडूविषयी, इतक्या आस्थेने कोणी लिहील, असे वाटले नव्हते. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळून केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षापर्यंत तो शाळेच्या संघात पुढे खेळत असे आणि गोलही करत असे. या वर्षी सरांनी त्याला मधल्या फळीत घेतले आणि सहा सामन्यांत त्याचा एकही गोल झाला नाही. घरी त्याची आजी रोज विचारते, "पोऱ्या इतला पयस, मंग गोल काबर नही करत?" मुलाला मागे सारले आहे, असे समजावे काय?
– एक पालक, अमळनेर

आपल्या मातोश्रींचा प्रश्न रास्त आहे, कारण गुणफलकावर केवळ गोल दिसतात आणि मिडफिल्डरचे बहुतेक काम गुणफलकावर कधीच येत नाही. तरीही आपल्या मुलाला मागे सारलेले नाही. सरांनी त्याच्याकडे संघातील सर्वांत अवघड जागा सोपवली असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि ती जागा अवघड का, हे समजून घेतले तर त्याचे सामने आपल्याला वेगळे दिसू लागतील.

पूर्ण आकाराचे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. बचावपटू मागे उभा असतो, त्यामुळे सगळा खेळ त्याच्या डोळ्यांसमोर चालतो. आघाडीपटूला कोठे जायचे ते ठाऊक असते, कारण गोल एकाच दिशेला आहे. मधल्या खेळाडूच्या मात्र चारही बाजूंना माणसे असतात आणि चेंडू त्याच्याकडे येतो तो बहुधा त्याच्याच बचावपटूकडून, म्हणजे त्या क्षणी त्याची पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे असते. चेंडू पायाशी आल्यावर मागे वळून पाहू म्हटले, तर तेवढ्या अवधीत कोणीतरी अंगावर आलेले असते. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच, तो वाटेत असतानाच, मान वळवून खांद्यावरून मागे पाहून घ्यावे लागते : आपल्या मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, मोकळा सहकारी कोणत्या बाजूला आहे. नॉर्वेचे संशोधक गेइर जॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या चित्रफिती पाहून चेंडू मिळण्यापूर्वी कोण किती वेळा मान वळवतो, याची मोजणी केली. जे अधिक वेळा पाहतात त्यांचे पास, विशेषतः पुढच्या दिशेचे पास, अधिक अचूक पडतात, असे त्यांना आढळले.

पुढच्या सामन्याला मातोश्रींनाही बरोबर न्या आणि पाच मिनिटे चेंडूकडे मुळीच पाहू नका. अवघड वाटेल, पण केवळ मुलाकडे पाहा. चेंडू दुसऱ्यांकडे असताना तो कोठे उभा राहतो? चेंडू त्याच्याकडे येत असताना त्याची मान किती वेळा वळते? तो चेंडू सरळ थांबवतो की थांबवतानाच मोकळ्या बाजूला काढतो? पास दिल्यावर उभा राहतो की दुसऱ्या जागी सरकतो? या चार गोष्टी वहीत टिपून ठेवा आणि घरी आल्यावर गोलाऐवजी त्यांच्याविषयी विचारा. मूल आईवडिलांच्या प्रश्नांवरून ठरवते की आपल्या कोणत्या कामाला किंमत आहे. रोज गोलच विचारला गेला, तर तो आपली जागा सोडून पुढे पळू लागेल आणि मध्यभाग उघडा पडेल.

तेराव्या वर्षी कोणत्याही मुलाची जागा कायमची ठरवू नये, असे मात्र माझे ठाम मत आहे. सरांशी बोलून अधूनमधून त्याला पुढे आणि मागेही खेळवून पाहावे. गल्लीत खेळताना त्याला हवे तेवढे गोल करू द्यावेत.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. तरुणपणी भुसावळला फुटबॉल पुष्कळ पाहिला. लुका मोद्रिच चाळिशीपर्यंत एवढ्या वरच्या दर्जाचा खेळ करू शकला, याचे मला नवल वाटते. त्याचे आयुष्य थोडे सविस्तर सांगाल काय?
– एक ज्येष्ठ वाचक, भुसावळ

आपण विचारले याचा मनापासून आनंद झाला, कारण मिडफिल्डर म्हणजे काय, हे समजावून सांगताना मी मुलांना नेहमी याच खेळाडूचे उदाहरण देतो.

मोद्रिचचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ रोजी क्रोएशियातील झादार या समुद्रकाठच्या शहरात झाला. पहिली वर्षे वेलेबित पर्वताच्या कुशीतील एका लहान वस्तीत, आजोबांच्या दगडी घराच्या आसपास गेली. आजोबांचे नावही लुकाच होते. आजोबांचे नाव नातवाने चालवण्याची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे त्या दोघांचे नाते कसे असेल हे वेगळे सांगायला नको. युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरच्या युद्धात, डिसेंबर १९९१ मध्ये, सर्ब बंडखोरांनी या आजोबांना ठार मारले आणि पुढे ते घरही जळाले. सहा वर्षांचा लुका आईवडिलांसह झादारच्या एका हॉटेलात निर्वासित म्हणून राहू लागला. शहरावर तोफगोळे पडत असत. अशा दिवसांत त्या हॉटेलचा वाहनतळ हेच त्याचे पहिले मैदान ठरले.

दहा वर्षांच्या सुमारास स्प्लिट शहरातील हायडुक या मोठ्या क्लबने त्याला तपासले आणि अंगापिंडाने किरकोळ आहे म्हणून परत पाठवले. झादारमधील प्रशिक्षक तोमिस्लाव बाशिच यांनी मात्र त्याला धरून ठेवले. सोळाव्या वर्षी तो राजधानी झाग्रेबच्या दिनामो क्लबमध्ये गेला, पण तेथेही मुख्य संघात लगेच जागा मिळाली नाही. २००३ मध्ये क्लबने त्याला शेजारच्या बोस्नियातील झ्रिन्स्की मोस्तार या संघाकडे उसना दिला. खडबडीत मैदाने, अंगावर येणारा खेळ आणि आरडाओरडा करणारे प्रेक्षक अशा त्या लीगमध्ये, अठरा वर्षांचा हा बारीक मुलगा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. दिनामोने २००५ मध्ये दीर्घ मुदतीचा करार केला तेव्हा त्या पैशातून त्याने पहिल्याप्रथम झादारमध्ये कुटुंबासाठी घर घेतले. निर्वासित म्हणून हॉटेलात वाढलेल्या मुलाच्या बाबतीत मला ही गोष्ट त्याच्या कोणत्याही चषकाइतकी मोलाची वाटते.

२००८ मध्ये तो लंडनच्या टॉटनहॅममध्ये गेला. आरंभी त्याला डाव्या कडेला ठेवण्यात आले. पुढे प्रशिक्षक हॅरी रेडनॅप यांनी त्याला मधोमध आणले आणि त्याच्या खेळाचा खरा अर्थ तेथे लागला. ऑगस्ट २००९ मध्ये पायाचे हाड मोडल्याने काही महिने बाहेर बसावे लागले. २०१२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस रेआल माद्रिदने त्याला घेतले आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्पेनमधील एका मोठ्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातील सर्वांत फसलेली खरेदी ठरवले. त्याच माणसाने पुढे त्या क्लबकडून सहा वेळा चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा आणि एकंदर २८ चषक जिंकले. क्लबच्या इतिहासात इतके चषक दुसऱ्या कोणा खेळाडूच्या नावावर नाहीत. २४ मे २०१४ रोजी लिस्बनच्या अंतिम सामन्यात माद्रिद ०-१ ने मागे असताना, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला सर्जिओ रामोसने डोक्याने बरोबरीचा गोल केला. त्या गोलाचा कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायचा चेंडू, मोद्रिचने घेतला होता. गोल रामोसचा म्हणून लोकांच्या लक्षात आहे, आणि मधल्या फळीच्या माणसाच्या वाट्याला नेहमी असेच येते.

२०१८ च्या विश्वचषकात क्रोएशियाचे बाद फेरीतील लागोपाठ तीन सामने १२० मिनिटांपर्यंत लांबले. त्यांपैकी डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात ११६ व्या मिनिटाला मोद्रिचची पेनल्टी गोलरक्षक काश्पर श्मायकेलने अडवली. थोड्याच वेळात शूटआऊट सुरू झाले तेव्हा हाच कर्णधार त्याच गोलरक्षकासमोर पुन्हा उभा राहिला आणि या वेळी त्याने गोल केला. क्रोएशिया अंतिम सामन्यात फ्रान्सकडून २-४ असा हरला, पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मोद्रिचला मिळाला आणि वर्षअखेर जगातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पुरस्कारही मिळाला. २००८ ते २०१७ अशी दहा वर्षे हा पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांतच फिरत होता. २०२२ च्या विश्वचषकात ३७ व्या वर्षी त्याने आपल्या देशाला तिसरे स्थान मिळवून दिले. २०२५ मध्ये माद्रिद सोडून तो मिलानला गेला आणि तेथे त्याने चाळिशी ओलांडली.

आता आपल्या नवलाकडे येतो. १२ एप्रिल २०२२ रोजी माद्रिदमध्ये इंग्लंडच्या चेल्सी संघाविरुद्धचा दुसरा सामना चालू होता. दोन्ही लढतींचे गोल मिळून माद्रिद ३-४ ने मागे होते आणि दहाच मिनिटे उरली होती. डाव्या बाजूला चेंडू मोद्रिचकडे आला. त्याने क्षणभर वर पाहिले आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा उचलला की तो बचावपटूंच्या रांगेवरून वळत जाऊन दूरच्या खांबाकडे धावणाऱ्या रॉड्रिगोच्या पायावर उतरला. रॉड्रिगोने तो जमिनीवर पडूही न देता जाळ्यात मारला. पुढे जादा वेळेत बेन्झेमाच्या गोलाने माद्रिद दोन्ही लढती मिळून ५-४ असे जिंकले. मोद्रिच तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्या पासात ताकद फारशी लागलेली नव्हती. रॉड्रिगो कोठे पोहोचणार आहे, हे त्याने आधी पाहिले होते. कडेने धावणाऱ्या, वेगावर जगणाऱ्या विंगरचे पाय तिशीनंतर त्याला दगा देऊ लागतात. मधल्या खेळाडूचे पायही मंदावतात, पण त्याने पाहण्याची सवय जपली असेल, तर तो दोन पावले आधी निघतो आणि वेळेवर पोहोचतो. याला जोड हवी ती खाण्यापिण्याच्या आणि झोपेच्या शिस्तीची. ती मोद्रिचकडे होती. शेवटच्या हंगामांत अनेकदा राखीव म्हणून बसावे लागले, तेही त्याने कुरकुर न करता स्वीकारले.

प्रश्न : मी दहावीत आहे आणि आमच्या संघात मधे खेळते. संघ म्हणजे मुलांचाच, कारण जवळपास मुलींचा संघ नाही. माझी उंची कमी आहे. सगळे म्हणतात की मुलांचा धक्का लागला तर मी उडून पडेन. मी खेळत राहावे का? घरी एकटीने काय सराव करता येईल?
– एक विद्यार्थिनी, शहादा

बेटा, तू जरूर खेळ. उंचीची काळजी तू करूच नकोस. स्पेनची आयताना बोन्माती साधारण पाच फूट चार इंच उंचीची मिडफिल्डर आहे. लहानपणी तीही मुलांच्या संघातून खेळली, आणि २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे जगातील सर्वोत्तम महिला खेळाडूचा बॅलन डी'ओर तिने मिळवला. आपल्या देशातलेच उदाहरण हवे असेल, तर ५ जुलै २०२५ ची तारीख लिहून ठेव. त्या दिवशी थायलंडमध्ये भारताच्या महिलांनी यजमान थायलंडला २-१ असे हरवून पात्रता फेरीच्या मार्गाने प्रथमच आशिया चषकात प्रवेश मिळवला आणि भारताचे दोन्ही गोल संगीता बासफोर या मिडफिल्डरने केले. ती पश्चिम बंगालमधील कल्याणीची आहे आणि सशस्त्र सीमा बलाच्या संघातून खेळलेली आहे.

धक्का लागून पडणार नाहीस, यासाठी अंगात जोर हवा हे खरे आहे. पण त्याआधी धक्का देणारा कोणत्या बाजूने येतो आहे, हे तुला कळले पाहिजे. घरच्या घरी करता येईल असा एक सराव सांगतो. भिंतीपासून सात-आठ पावलांवर उभी राहा. धाकट्या भावंडाला तुझ्या पाठीमागे उभे कर. तू चेंडू भिंतीवर मार, आणि चेंडू परत येत असतानाच त्याने मागे हाताची काही बोटे वर करावीत. चेंडू पायाशी पोहोचण्याच्या आत तू मान वळवून बोटे मोजायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. आकडा सम असेल तर चेंडू उजवीकडे काढायचा, विषम असेल तर डावीकडे. पहिल्या दिवशी चेंडू निसटेल, आकडाही चुकेल. एक पाय दमला की दुसऱ्याने कर. मी मुलांकडून हा सराव अनेक वर्षे करून घेतो आणि साधारण महिनाभराने त्यांची मान आपोआप वळू लागते, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. मुलींमध्ये गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे हाडे जोडणारा बंध, फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. जागतिक फुटबॉल संघटना फिफाचा 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. त्यात हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे असे १५ व्यायाम आहेत आणि त्याला चेंडू आणि खुणेच्या शंकूंपलीकडे साहित्य लागत नाही. नॉर्वेतील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली. ज्या संघांनी तो केला, त्यांच्यात दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आढळल्या. तुझ्या सरांना सांगून तो संपूर्ण संघाला करायला लाव, मुलांनाही त्याचा तितकाच उपयोग आहे.

प्रश्न : आमच्या पुतण्याचे वय चौदा पूर्ण आहे. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी करून घेतल्यास तो लहान गटात चमकेल आणि निवड लवकर होईल, असे एकाने सुचवले. हे करावे काय?
– एक वाचक, चोपडा

करू नये. हा गुन्हा आहे आणि तो पकडलाही जातो, कारण वयोगटांच्या वरच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांची तपासणी होते. त्यात वय अधिक आढळले तर खेळाडू बाद होतो, आणि पुतण्याच्या नावावर तो डाग आपण लावलेला असेल. पण तपासणी नसती, तरीही मी हेच सांगितले असते. बारा वर्षांच्या मुलांत चौदाचा मुलगा अंगाच्या जोरावर जिंकतो. मान वर करून पाहण्याची त्याला गरजच पडत नाही. पुढे सर्वांची अंगे सारखी होतात, तेव्हा त्याच्याकडे ना जोर उरतो, ना नजर तयार झालेली असते. त्याला एक वर्ष मोठ्या मुलांत खेळवा. तो हरेल, पण शिकेल. हा सल्ला देणाऱ्या माणसाला मुलापासून दूर ठेवा.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि विद्यापीठाच्या संघात मिडफिल्डर म्हणून खेळलो आहे. फुटबॉलवर पोट भरेल काय? की उशीर झाला?
– एक विद्यार्थी, धुळे

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला आधी उत्तर देतो. फ्रान्सचा एन्गोलो कान्ते एकोणिसाव्या वर्षापर्यंत पॅरिसच्या उपनगरातील एका हौशी क्लबात खेळत होता. तो ठेंगणा असल्याने मोठ्या अकादम्यांनी त्याला घेतले नव्हते. फुटबॉल सांभाळून त्याने लेखाकर्माची पदविका पूर्ण केली, म्हणजे आपल्या बी.कॉम.चाच जोडीदार. नंतर तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीतून एकेक पायरी चढत २०१५ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर संघात पोहोचला. २०१६ मध्ये लेस्टरकडून आणि २०१७ मध्ये चेल्सीकडून अशी लागोपाठ दोन वर्षे दोन वेगळ्या संघांतून त्याने इंग्लंडचे विजेतेपद मिळवले, आणि २०१८ मध्ये विश्वचषक. त्यामुळे उशीर झाला असे मी म्हणणार नाही. मात्र त्याला तिसरी, दुसरी, पहिली अशी शिडी उपलब्ध होती. आपल्याकडे ती शिडी फार विरळ आहे, हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

महाराष्ट्राचाच अनुभव पाहा. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला. जुलै २०२५ मध्ये लीग चालवण्याच्या हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून पुढचा हंगामच स्थगित करण्यात आला आणि देशातील सर्वांत वरच्या लीगचे खेळाडू सामन्यांची वाट पाहत बसले. खेळाडूच्या कष्टांत उणीव नसताना त्याचे काम थांबू शकते. म्हणून पदवी पूर्ण करा, अगदी प्रथम. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या स्पर्धेतील कोणती कामगिरी चालते, ते क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी घ्या आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जपून ठेवा. रेल्वे आणि सेनादल यांचे संघ संतोष करंडक या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. १९४१ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेने अनेक घरे चालवली आहेत. मिडफिल्डर म्हणून अशा संघात स्थिर झालेला माणूस नोकरी आणि खेळ दोन्ही सांभाळू शकतो.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण यात माझी स्वतःची चूक झाली होती. बावीस वर्षांचा असताना मी एका क्लबाकडून तोंडी बोलीवर खेळलो. चौथ्या महिन्यात गुडघा दुखावला आणि मागच्या तीन महिन्यांचे पैसे मागायला गेलो, तेव्हा दाखवण्यासारखा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. शस्त्रक्रियेचा खर्च वडिलांनी कापसाच्या पैशातून केला. आपण लेखी करारावाचून खेळू नका. करारात मुदत, मासिक रक्कम, दुखापतीचा खर्च कोणाचा आणि करार मोडल्यास काय, या चार गोष्टी असल्याच पाहिजेत. निवडचाचणीसाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत आपले नाव प्रत्येक हंगामी योग्य क्लबाच्या नावे आहे, याची खात्री करा. त्यात तुमच्या गावच्या क्लबाचेही हित आहे : एखादा खेळाडू करार चालू असताना मोठ्या रकमेवर परदेशी क्लबात गेला, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतील ५ टक्के हिस्सा तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. नोंदणीच नसेल, तर त्या क्लबाला हक्क सांगता येत नाही.

शेवटी, पोट भरण्याचा अर्थ केवळ खेळणे असा घेऊ नका. गार्डिओला, अँचेलोत्ती, झिदान, देशां, झावी हे सारे खेळाडू म्हणून मधल्या फळीतले होते आणि पुढे प्रशिक्षक झाले. दहा-पंधरा वर्षे ज्याने चारही बाजूंना पाहत खेळ चालवला, त्याला बाकावर बसूनही खेळ दिसत राहतो. भारतात मणिपूरचा रेनेडी सिंग टाटा फुटबॉल अकादमीत घडला, भारताच्या मधल्या फळीत खेळला आणि नंतर प्रशिक्षणाकडे वळला. महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याचा पहिला टप्पा विद्यार्थिदशेतच करता आला तर करून ठेवा. आपल्या जिल्ह्यांतील शाळांना शिकलेल्या प्रशिक्षकांची गरज आहे आणि ती गरज मी रोज पाहतो.

प्रश्न : आमच्या गावचे मैदान काळ्या मातीचे आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात. मुले म्हणतात, मैदानाचे काय, खेळ मनात असला म्हणजे झाले. तसे खरे आहे काय? उन्हाविषयीही सांगावे.
– एक शिक्षक, रावेर

गुरुजी, मुलांची जिद्द चांगली आहे, पण मैदानाविषयी ती चुकतात. मार्च संपता संपता काळी माती आकसते आणि तळहात उभा जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांत घोटा अडकून मुरगळलेली मुले आपणही पाहिली असतील. दुसरे नुकसान लवकर लक्षात येत नाही. भेगाळलेल्या जमिनीवर सरपटत येणारा चेंडू शेवटच्या दोन हातांत कोठे उसळेल, याचा भरवसा नसतो. मग मूल अखेरपर्यंत चेंडूवरून नजर काढत नाही, आणि मान वर करण्याची जी सवय त्या वयात लागायची ती लागत नाही. मागच्या खेळाडूचे यात थोडे बिघडते, मधल्याचे सगळेच बिघडते.

संपूर्ण मैदान दुरुस्त करणे शाळेला परवडणार नाही, हे मी जाणतो. मधोमध चाळीस बाय तीस पावलांचा एक पट्टा निवडा. भेगांत चाळलेली माती भरा, सायंकाळी पाणी सोडा, दुसऱ्या दिवशी माती वाफशावर आली की रूळ फिरवा. हे आठवड्यातून एकदा केले तरी पुरते. केळीच्या बागेतून जुनी ठिबकची नळी कोणी दिली, तर पाणीही कमी लागेल. पासांचा सगळा सराव त्याच पट्ट्यावर घ्या आणि धावण्याचा सराव बाहेर.

उन्हाबाबत हयगय नको. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत सराव सकाळी साडेसातपूर्वी संपलाच पाहिजे. सायंकाळी सहापूर्वी मैदान तापलेलेच असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनी एकदम पाणी प्यावे. तहान लागेल तेव्हा पिऊ, असे मुलांवर सोडू नये. मोठ्या उष्म्यात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतही प्रत्येक अर्धात पाण्यासाठी खेळ थांबवला जातो. कोणी अडखळत बोलू लागला, घाम यायचा थांबला किंवा त्याला दिशा कळेनाशी झाली, तर खेळ तत्काळ थांबवून त्याला सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता आणि वाहन बोलवा. त्यासाठी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि एक चादर सराव सुरू होण्यापूर्वीच मैदानाच्या कडेला, झाडाखाली ठेवलेल्या असाव्यात.